चार मिनिटांचं ‘अजून नाही’

नोव्हेंबर लागला की आमच्याकडं दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. रानात तूर पिवळी होते, आणि गावातली निवृत्त माणसं काखेत प्लास्टिकची पिशवी धरून हयातीच्या दाखल्याला निघतात. पिशवीत पासबुक असतं, आधार कार्ड असतं आणि लागेल न लागेल म्हणून आणखी दहा कागद असतात. आपण अजून जिवंत आहोत हे वर्षातून एकदा यंत्रावर अंगठा टेकवून सांगायचं, यंत्रानं ते मान्य करायचं, मग चहा पिऊन घरी यायचं. तुरीच्या फुलांचा आणि ह्या दाखल्यांचा तसा काही संबंध नाही. माझ्या डोक्यात मात्र ते आता एकत्रच राहतात.

यंदा दाखला आईचा होता. तात्यांच्या मागं पेन्शन तिच्या नावावर झाली, म्हणून मी तिला गाडीवर बसवून कळंबला नेलं. केंद्रातल्या बाईंनी तिचा अंगठा काचेवर टेकवला, हिरवा दिवा लागला, झालं काम. आई अंगठा पदराला पुसत बाहेर आली आणि पायरीवर थांबली.

“मग ह्यांचाच का जुळत नव्हता?” ती म्हणाली.

मी गाडी काढायला गेले.

तात्या, म्हणजे माझे वडील, हापसे दुरुस्त करायचे. पंचायत समितीची एक गाडी होती, तिच्यावर ते आणि दोन मदतनीस. कुठल्या गावचा हापसा बंद पडला की हे तिघं जाऊन शंभर-शंभर फूट पाइप एकेक करून वर काढायचे, वॉशर बदलायचे, पुन्हा खाली सोडायचे. गंजलेले सांधे, पाने, ग्रीस, साखळ्या ह्यांत तात्यांच्या बोटांवरच्या रेघा चाळिशीच्या आतच झिजून गेल्या. अंगठा तर वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. लहानपणी मला तो फार आवडायचा. फटाके बनवणाऱ्या तेरखेड्याच्या बाजूला काम निघालं की ते येताना फुलबाज्यांचा पुडा आणायचे, आणि पेटलेल्या फुलबाजीची ठिणगी त्या अंगठ्यावर पडली तरी त्यांना कळायचं नाही. तात्यांना काही दुखतच नाही, असं मला वाटायचं. हा समज पुढं फार वर्षं टिकला.

मी बोलतेय तो नोव्हेंबर गेल्या वर्षीचा. ताईचं बाळंतपण लातूरला होतं आणि आई तिकडं गेली होती. माझी नोकरी पुण्यातल्या एका कंपनीत, पण काम कुठूनही करता येतं. तात्यांच्या जेवणाचं बघायला म्हणून मी महिनाभर गावी येऊन राहिले. जेवणाचं त्यांनीच बघितलं, हे सांगायला हवं. सकाळी मी लॅपटॉप उघडून ओसरीवर बसले की आत चुलीपाशी भाकरी थापल्याचा आवाज यायचा. मग तात्या पितळीत भाकरी, पिठलं आणि कांदा घेऊन यायचे आणि लॅपटॉपशेजारी ठेवायचे. “खा. मशीनला काय भूक लागत न्हाय,” म्हणायचे.

ते दिवस मला वासांनी आठवतात. नुकत्याच मळणी झालेल्या सोयाबीनचं भूस अंगणाच्या कडेला पडलं होतं, त्याचा कोरडा, नाकात बसणारा वास. सकाळच्या थंडीत चुलीचा धूर जमिनीलगत रेंगाळायचा. ऊन चढलं की समोरच्या तुरीवर मधमाश्या यायच्या, आणि रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून कारखान्याकडं जायचे. मी कानांत यंत्रं घालून बसायचे. तात्या खुर्चीवर बसून रस्ता बघायचे. आम्ही दोघं दिवसदिवस एकमेकांपासून चार हातांवर होतो. एवढं सलग एकत्र आम्ही त्याआधी कधीच राहिलो नव्हतो.

काय करतेस, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं. माझं काम आईला सांगायचं झालं तर मी “कंप्युटरचं” म्हणून सुटते. तात्यांना तसं चालायचं नाही. त्यांना कुठला भाग कशाला लागतो ते कळायला हवं असायचं. म्हणून सांगितलं. कंपनी एक नवीन, अगदी लहान ऑपरेटिंग सिस्टम तयार करत होती. तिचा जो गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो चालत होता. पण त्याला कीबोर्ड कळत नव्हता, पेनड्राइव्ह कळत नव्हता, यूएसबीच्या खाचेत घातलेलं काहीच कळत नव्हतं. त्या खाचांच्या मागं एक कंट्रोलर असतो. त्या कंट्रोलरशी बोलायला गाभ्याला शिकवायचं, तो ड्रायव्हर मी लिहीत होते. आणि हे सगळं खऱ्या मशीनवर नव्हतं. माझ्या लॅपटॉपमध्ये एक प्रोग्रॅम मशीनचं सोंग घेऊन बसला होता. त्यातला कंट्रोलरही सोंगातलाच. खरं फक्त बाहेरून जोडलेलं उपकरण.

तात्यांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं.

“म्हंजी हापसा न्हाय, हापशाचं चित्र हाय,” ते म्हणाले. “अन् तू त्यातनं पाणी काढाय लागलीस.”

“तसंच काहीसं.”

“लई अवघड काम दिलंय की तुला.” एवढं बोलून ते गालातल्या गालात हसत बसले. पुढं चार दिवस ते मला येता-जाता विचारत होते, “लागलं का पाणी?”

लागत नव्हतं. कीबोर्ड जोडला, एक कळ दाबली की पडद्यावर एक अक्षर उमटायचं, आणि मग सगळं गप्प. पुन्हा सगळं बंद करून चालू केलं की पुन्हा एक अक्षर. एकच. मी कागदपत्रं वाचली, प्रत्येक आकडा तपासला, टीममधल्या लोकांना विचारलं. अजिबात काही चालत नसतं तर बरं असं वाटायला लागलं होतं. एक अक्षर येतंय म्हणजे सगळा रस्ता मोकळा आहे, मग दुसरं का येत नाही?

ह्या उपकरणांची एक रीत आहे. ती आपणहून कधी बोलत नाहीत. कीबोर्डवर कुणी बोट दाबलं तरी तो हाक मारत नाही, थांबून राहतो. कंट्रोलरनं त्याला विचारायचं, “आहे का काही?” त्यानं म्हणायचं, “अजून नाही.” की पुन्हा विचारायचं. असं सेकंदाला शंभराच्या वर वेळा, दिवसभर. हा ‘अजून नाही’ म्हणजे नकार नव्हे, चूक तर नव्हेच. त्याचा अर्थ एवढाच की थांब, आणि परत विचार. माणूस कळ दाबतो तेव्हाच्या विचारण्याला तो उत्तर देतो. खऱ्या मशीनमध्ये हे हजारो ‘अजून नाही’ कुणाला दिसतसुद्धा नाहीत, आतल्या आत जिरून जातात. आमचं मशीन सोंगातलं असल्यामुळं मात्र त्यातला प्रत्येक मी नोंदवहीत उतरवून घ्यायची सोय केली होती. दिवसभराच्या नोंदी उघडल्या की पानंच्या पानं तेवढंच दिसायचं.

एका दुपारी मी वैतागून लॅपटॉप मिटला. तात्या भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

“एक अक्षर येतं आणि बंद पडतं,” मी म्हटलं.

“एकदाच हापसत असशील,” ते शेंगांवरची नजर न काढता म्हणाले. “पाणी आलं म्हणून दांडा सोडला तर घागर कशी भरंल? आलं तरी हापसायचं, न्हाय आलं तरी हापसायचं.”

मी लॅपटॉप पुन्हा उघडला. कंट्रोलरला विचारायला लावायचं तर आधी त्याच्या रांगेत एक चिठ्ठी टाकावी लागते. उत्तर मिळेपर्यंत तो त्या चिठ्ठीवर विचारत राहतो. उत्तर मिळालं की ती चिठ्ठी संपते, आणि आपण नवी टाकायची असते. मी पहिली टाकली होती. दुसरी टाकायची ओळ माझ्या ड्रायव्हरमध्ये कुठंच नव्हती. एकदा उत्तर आल्यावर मी विचारणंच सोडून देत होते.

ओळ टाकली. पडद्यावर अक्षरं धडाधड उमटायला लागली. मी तात्यांना बोलावून त्यांचं नाव टाइप करून दाखवलं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, मान हलवली आणि शेंगांकडं परत गेले. टीमला कळवताना मी दुरुस्तीच्या टिपणात लिहिलं, ‘उत्तर आल्यानंतरही पुन्हा विचारणे आवश्यक.’ वाक्य अजून तसंच आहे तिथं. वाचवत नाही मला ते.

त्याच आठवड्यात तात्यांना दाखल्यासाठी कळंबला नेलं. अंगठा जुळेना. उजवा झाला, डावा झाला, सगळी बोटं झाली. केंद्रातल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी ओला रुमाल दिला, थोडं तेल लावून बघितलं. दर वेळी लाल दिवा. मागं रांग वाढत चालली तसे तात्या ओशाळले. “ऱ्हाऊ द्या, उद्या येतो,” म्हणाले. बाहेर आल्यावर आपला अंगठा उन्हात धरून बघत मला म्हणाले, “हाय म्या. तरी मशीन न्हाय म्हणतंय.”

घरी माझ्याकडं बोटांचे ठसे घेणारं एक साधं यंत्र होतं. कीबोर्ड चालला, आता ड्रायव्हरवर दुसरं काहीतरी चालवून बघायचं म्हणून मी ते मागवलं होतं. म्हटलं, तात्या, ह्याच्यावर सराव करू. किती दाबायचं, कसा टेकवायचा ते कळेल, आणि माझीही चाचणी होईल. माझी चाचणी व्हावी हेच मनात पहिलं होतं, हे आता कबूल करते.

सकाळचे अकरा वाजले असतील. तात्या लॅपटॉपसमोर खुर्ची ओढून बसले. मी म्हणायचे “लावा”, ते लावायचे. “काढा”, की काढायचे. नोंदवही भरत होती. एक, दोन, तीन, असं सहा वेळा झालं. चित्र दर वेळी पुसटच, पण ड्रायव्हर बिनचूक चालत होता आणि मी खूश होते. सहाव्यानंतर मी “लावा” म्हटलं आणि अंगठा आला नाही. मी पडद्यावरच बघत होते. ‘अजून नाही, अजून नाही’ अशा ओळी वर सरकत होत्या. मला त्यातही एक जागा तपासायची होती, तेव्हा उशीर झाला ते बरंच वाटलं. थोड्या वेळानं मी म्हटलं, “तात्या, लावा की.”

“लावतो,” ते म्हणाले. आवाज बारीक होता.

तेव्हा मी मान वर केली. त्यांच्या कपाळावर घाम होता. एक हात छातीवर होता, तो त्यांनी खाली घेतला.

“बरं वाटत नाही का?”

“बरंय की. भुसाची धूळ गेली छातीत.”

मी “बरं” म्हटलं. त्यांनी सातव्यांदा अंगठा टेकवला, मग आठव्यांदा, असं करत अकरा वेळा. एकदाही कुरकुरले नाहीत.

दाखला शेवटी बँकेत झाला. तिथल्या साहेबांनी अंगठ्याचं ऐकून घेतलं, तात्यांकडं बघितलं आणि म्हणाले, “समोर बसलेत की काका, आणखी काय पाहिजे?” अर्जावर सही करून दिली. तात्या एवढे खूश झाले की येताना त्यांनी पेढे घेतले. महिना संपला, आई बाळाची कौतुकं घेऊन परत आली, मी पुण्याला गेले. ड्रायव्हर पुरा झाला. टीमनं टाळ्या वाजवल्या, म्हणजे पडद्यावर टाळ्यांची चित्रं आली.

शिमग्याच्या थोडं आधी आईचा फोन आला. मी धाराशिवच्या दवाखान्यात पोचले तेव्हा तात्या शुद्धीवर होते, नाकाला नळी होती. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी विचारलं, “काका, आधी कधी छातीत दुखलं होतं?” तात्या म्हणाले, “न्हाय, तसं काय न्हाय.” डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं, खुर्ची पलंगाजवळ घेतली आणि परत विचारलं, “कधी दुखलं होतं, काका?”

मग तात्यांनी सगळं सांगितलं. रानात जाताना दोनदा बसावं लागतं, डावा हात भरून येतो, जिना चढवत नाही. “पहिल्यांदा कवा?” ते आठवत म्हणाले. “कार्तिकात. पोरीच्या मशीनवर अंगठा लावत हुतो. लई जोरात कळ आली. वाटलं, आता काय उठत न्हाय.” माझ्याकडं बघून ते हसले. “तिचं काम रंगात आलं हुतं.”

दोन दिवसांनी ते गेले. दाखल्याची मुदत संपायला अजून आठ महिने होते.

दहाव्याच्या दिवशी आई माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, “त्यांना दोनदा इचारावं लागतं. एकदा इचारलं की बरंय म्हणत्यात. दुसऱ्यांदा इचारलं की खरं सांगत्यात. चाळीस वर्सं म्या रोज दोनदा इचारत आले.” तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. “लातूरला जाताना तुला सांगायचं ऱ्हाऊन गेलं बघ.”

तिला वाटतं, चूक तिची. किती सांगितलं तरी ऐकत नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

त्या सकाळची नोंद माझ्याकडं आहे. ड्रायव्हरमध्ये काही बदल केला की तो अजून नीट चालतो ना हे तपासायला आम्ही जुन्या नोंदी पुन्हा चालवतो. सोंगातल्या मशीनला सोंगातलं यंत्र जोडायचं, आणि ते त्या दिवशीच्या खऱ्या यंत्रासारखंच, त्याच वेळेला, त्याच क्रमानं वागतं. कुणाच्या बोटाचा ठसा असा ठेवू नये, म्हणून मी चित्रं तेव्हाच पुसून कोरी केली होती. तात्यांच्या अंगठ्याची जी काही एखादी पुसट रेघ असेल ती मीच घालवली. उरलंय ते फक्त वेळेचं: अंगठा कधी टेकला, कधी उचलला. अकरा वेळा. सहाव्या आणि सातव्याच्या मधे चार मिनिटं आणि काही सेकंद. त्या जागेत तीस हजारांच्या आसपास ‘अजून नाही’ आहेत. मी एकदा बसून ते खाली सरकवत गेले होते. सोंगातला कंट्रोलर न कंटाळता विचारत होता. त्याच वेळी समोर बसलेली मी एकदाच विचारून मोकळी झाले होते, आणि तेही उशिरा.

आईचा दाखला करून आलो त्याच दुपारी, टीममध्ये नव्यानं आलेल्या मितालीचा निरोप आला. हुशार मुलगी आहे, चाचण्यांना वेळ फार लागतो म्हणून सगळं तपासत होती. ‘मॅडम, अंगठ्याच्या नोंदीत मधे चार मिनिटं रिकामी आहेत. काहीच घडत नाही त्यात. कापून टाकू का?’

तिचं बरोबर होतं. तिच्या जागी मी असते तर न विचारताच कापलं असतं. मी आधी लिहिलं, ‘हो, काप.’ पाठवलं नाही. मग लिहिलं, ‘नको, उत्तराला वेळ लागला तरी ड्रायव्हर धीर धरतो का ते त्यात तपासलं जातं.’ हे खोटं नाही. पण तेही पुसलं. शेवटी एवढंच लिहिलं, ‘नको. तिथं माझे वडील आहेत.’ आणि पाठवून दिलं. तिचं उत्तर आलं, ‘नाही कापत, मॅडम.’

मी ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसले आणि ती नोंद चालवली. पहिला अंगठा टेकला. दुसरा. समोर तूर तशीच पिवळी होती, माश्या आल्या होत्या, रस्त्यानं एक ट्रॅक्टर गाणं वाजवत गेला. सहावा टेकला, उचलला, आणि ओळी सरकायला लागल्या. ह्या वेळी मी पडद्याकडं बघितलं नाही. तात्यांची खुर्ची भिंतीशी होती, तिच्याकडं बघत बसले. चार मिनिटं फार मोठी असतात. माणसाला पाणी आणून देता येतं, पाठीवर हात फिरवता येतो, शेजाऱ्याची गाडी बोलावता येते, आणि तरीही वेळ उरतो.

सातवा अंगठा टेकला तेव्हा माझ्या घशातून काहीतरी आवाज निघाला असावा.

“बरी हाईस न्हवं?” आईनं आतून विचारलं.

“हो, बरीय.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला. आई ओले हात पदराला पुसत बाहेर आली, तात्यांची खुर्ची माझ्याजवळ ओढून तिच्यावर बसली.

“बरी हाईस का?” तिनं परत विचारलं.

मग मी तिला खरं सांगितलं.